दारातून टेबल दिसत नाही

संपादकबाईंनी बाड टेबलावर ठेवलं, त्यावर स्वतःचा चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "भाषा चांगली आहे तुमची. पण मला एक सांगा, हे सगळं पाहतंय कोण?"

धाकटीला वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं. दोन वर्षांत हा प्रश्न तिने पाचव्यांदा ऐकला होता. दर वेळी शब्द थोडे बदलायचे, एवढंच.

धाकटी हे तिचं घरातलं नाव. दोघी बहिणींतली लहान म्हणून पडलं आणि त्रेचाळिसाव्या वर्षीही चिकटून होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे, त्यावरून ती मेणात हिरड्या घडवायची आणि त्यात एकेक दात बसवायची. अठरा वर्षं हेच काम. हात इतका बसलेला की तिची एखादी कवळी परत आली तर लॅबमध्ये ती बातमी व्हायची. आणि इथे एकच कादंबरी पाच वेळा परत आली होती.

कादंबरी तशी लहानच, दीडशे पानांची. तिच्या आईची आणि आत्याची. दोघी नणंद-भावजय घराच्या पुढच्या खोलीत शाळांचे गणवेश शिवायच्या. आत्याने लग्न केलं नव्हतं, ती त्यांच्यातच राहायची. बारा वर्षं दोघींचं असं काही जमलं होतं की एकीने वाक्य सुरू करावं आणि दुसरीने संपवावं. लोक कौतुकाने बघायचे. मग एका दुपारी त्या खोलीत मोठं भांडण झालं. एका मोठ्या ऑर्डरचं कापड चुकीच्या मापाने कापलं गेलं होतं. आईने आत्याला नाही नाही ते सुनावलं, कात्री फेकली, आणि आत्या त्याच दिवशी घर सोडून गेली. त्यानंतर दोघी एकमेकींशी कधीही बोलल्या नाहीत. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा आत्या आली, दारातच थोडा वेळ उभी राहिली आणि तशीच परत गेली. त्या दिवसापासून धाकटीला हे लिहायचं होतं.

पहिल्यांदा तिने ते 'मी'मध्ये लिहिलं. नऊ वर्षांची मुलगी दारात उभी राहून भांडण पाहते आणि सांगते. संपादकबाई म्हणाल्या, "ही पोर मध्येच चाळीस वर्षांची होते. नऊ वर्षांच्या मुलीला 'अपमान गिळणं' म्हणजे काय ते कळतं का?" मग धाकटीने सगळं 'ती'मध्ये केलं आणि आईच्या, आत्याच्या, ताईच्या, बाबांच्या, सगळ्यांच्या मनात शिरून आली. बाई म्हणाल्या, "एका पानात चार डोकी. मला सारखं उठवून दुसऱ्या खुर्चीत बसवल्यासारखं वाटलं." तिसऱ्या वेळी आईच 'मी' झाली. त्यावर बाई जरा हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या आईचं फारच बरोबर असतं हो. प्रत्येक पानावर बरोबर." चौथ्यांदा आत्याच्या बाजूने लिहायला घेतलं, तर सत्तराव्या पानावर धाकटीच्या लक्षात आलं की आत्याच्या मनात काय होतं हे आपल्याला अजिबात माहीत नाही. ती सत्तर पानं बाईंनी तरीही वाचली आणि म्हणाल्या, "ही आत्या तुमच्या आईच्या आवाजात बोलते." पाचव्यांदा ती पुन्हा 'मी'कडे आली. एव्हाना घरात हा विनोदाचा विषय झाला होता. तिचा नवरा गणिताचा शिक्षक. सकाळी चहाचा कप पुढे ठेवताना तो विचारायचा, "आज कोण आहेस? मी, का ती?"

सुरुवातीला तिला हसू यायचं. आताशा त्या विनोदावर ती कप उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

"पाहतंय कोण म्हणजे काय?" ती आता संपादकबाईंना म्हणाली. आवाज चढला होता, पण तिला त्याची पर्वा नव्हती. "मी पाहतेय. 'मी' लिहिलंय की प्रत्येक ओळीत."

"लिहिलंय," बाई म्हणाल्या. "ही मुलगी दारात उभी आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग तिला सगळं खालचंच कसं दिसतं?"

धाकटीला प्रश्न कळला नाही. बाईंनी चष्मा घातला आणि भांडणाचं पान काढून वाचायला लागल्या. आत्याच्या उजव्या चपलेचा तुटलेला अंगठा. आईच्या टाचेला चिकटलेला पिवळा दोरा. कात्री फरशीवर पडून दोनदा गोल फिरते. टेबलाच्या पायाशी साचलेल्या चिंध्या. "दीड पानाचं भांडण आहे आणि त्यात एकाही माणसाचा चेहरा नाही. पाचही वेळा नाही. मी जुनी बाडं काढून पाहिली. तुम्ही सांगणारा बदलता, पण डोळे एकाच जागी राहतात आणि ती जागा दार नाही."

"मी होते तिथे. मला काय दिसलं ते मला माहीत आहे."

"मग प्रश्नच मिटला," बाई म्हणाल्या. "तरी एकदा खोलीचं चित्र काढा. मुलीला दारात उभं करा आणि काय दिसतं बघा."

धाकटी बाहेर पडली ती मनातल्या मनात बाईंशी भांडतच. चित्र काढा म्हणे. आपण काय शाळेत आहोत? या बाईंना छापायचं नाही, तसं तोंडावर सांगवत नाही, म्हणून नवीन नवीन खुसपटं काढतात. बस येईपर्यंत तिने बाईंना चार कडक उत्तरं देऊन टाकली होती, सगळी मनातच.

पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅबमधले बाकीचे बाहेर गेले तेव्हा तिने चित्र काढलंच. कागदावर समाधान होईना, म्हणून तिने गुलाबी मेणाचा एक पत्रा घेतला, दिव्यावर ऊन केला आणि त्या खोलीच्या भिंती उभ्या केल्या. इथे दार. खिडकीखाली दोन शिलाई मशीनं. मधोमध कापड कापायचं लांबलचक टेबल. आणि दाराला लागून डावीकडे लोखंडी मांडणी, जमिनीपासून छतापर्यंत, कापडाच्या ताग्यांनी गच्च भरलेली. मांडणी ती विसरूच शकत नव्हती, कारण तिला ठेचकाळून तिचा पुढचा दुधाचा दात पडला होता. मुलीच्या जागी तिने एक जादा झालेली दाढ दारात उभी केली. मग मान वाकडी करून, एक डोळा मिटून दाढेच्या उंचीवरून आत पाहिलं.

मांडणी दिसत होती, एक मशीन दिसत होतं. टेबल दिसत नव्हतं.

तिने मांडणी जरा मागे सरकवली, मग पुन्हा पुढे आणली, कारण ती तिथेच होती. दाढ उंबऱ्याच्या आत घेतली, तरी टेबलाचा एक कोपराच दिसत होता. मग तिने दाढ खोलीभर फिरवली. दोघींचे पाय, फरशीवर फिरणारी कात्री आणि चिंध्या, एवढं सगळं एकदम दिसेल अशी एकच जागा होती. टेबलाखाली.

तिने तिथूनच ताईला फोन लावला.

ताई तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. शहराच्या बस आगारात नियंत्रण कक्षात होती; कुठली बस कुठल्या फलाटावर लागणार, किती उशिरा सुटणार, हे माइकवरून सांगायचं काम. तिचा आवाज आख्ख्या शहराला माहीत होता, चेहरा कोणालाच नाही.

"ताई, भांडण झालं त्या दिवशी मी नक्की कुठे उभी होते?"

"कुठलं भांडण?"

"आईचं नि आत्याचं. दुसरं कुठलं?"

फोनमध्ये ताईच्या मागे कोणीतरी कुठल्यातरी ड्रायव्हरला हाका मारत होतं.

"तू नव्हतीसच," ताई म्हणाली. "तुमची सहल गेली होती तलावावर. संध्याकाळी आलीस."

"काहीतरीच काय! मला सगळं आठवतंय. आत्याची चप्पल, तो दोरा..."

"मी सांगितलेलं आठवतंय तुला. शाळेत जाता-येता रोज डोकं खायचीस, सांग ना, सांग ना म्हणून. मग मी सांगायचे." आणि मग घाईघाईने, "आता ठेवते. दोन गाड्या एकदम आल्यात."

धाकटी फोन हातात धरून बसून राहिली. समोर मेणाची खोली. तिला आधी हसू आलं, मग इतका संताप आला की तिने भिंती चुरगाळून मेणाचा गोळा केला आणि भांड्यात टाकला. दोन वर्षं! त्याआधीची बत्तीस वर्षं! जी गोष्ट आपण पाहिली असं ती शपथेवर सांगू शकली असती, ती तिने कधी पाहिलीच नव्हती. पुन्हा पुन्हा लिहिलेल्या 'मी'ने त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. त्या दुपारी तिने बसवलेल्या दातांपैकी दोन वाकडे बसले आणि ते उकरून पुन्हा बसवावे लागले.

दुसऱ्या दिवशी तिने अर्धी रजा टाकली आणि आगारात गेली. नियंत्रण कक्ष म्हणजे फलाटांच्या वर काचेची एक खोली. भिंतीवर वेळापत्रक, टेबलावर माइक, कोपऱ्यात कळकट पंखा. ताईने तिला पाहिलं आणि तोंड पाडलं.

"इथे कशाला आलीस?"

"फोन ठेवून देतेस म्हणून. तू टेबलाखाली होतीस ना?"

ताईने माइकचं बटण दाबलं. "सात क्रमांकाची गाडी फलाट तीनऐवजी फलाट पाचवर लागेल. प्रवाशांनी नोंद घ्यावी." बटण सोडलं. आवाज अगदी शांत, नेहमीचाच.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी तुझं बोलणं चौतीस वर्षं घोकलं. तू कधी चेहरे सांगितलेच नाहीस."

ताई खुर्चीत मागे रेलली. समोर काचेपलीकडे लोक पिशव्या उचलून तीनवरून पाचवर धावत होते. ती त्यांच्याकडे बघतच बोलायला लागली.

"सकाळी आत्याला ताप होता. म्हणून कापडावर खुणा मी केल्या. तिने सांगितलं होतं, बत्तीसचा फर्मा घे. मी अठ्ठावीसचा घेतला. दोन्ही पुठ्ठे एकाच खिळ्याला अडकवलेले असायचे. मी खडूने रेघा मारून ठेवल्या, वरच्या एकाच थरावर. थप्पीत चाळीस थर होते. आत्या दहाला उठली, कापायचं यंत्र फिरवलं, सगळे थर एकदम कापले. अशा पाच थप्प्या. दोनशे स्कर्ट. प्रत्येक चार बोटं आखूड." ताईने श्वास घेतला. "दुपारी आईने एक उचलून मापला. मी तिच्या पावलांचा आवाज ऐकला आणि टेबलाखाली शिरले. चौदा वर्षांची घोडी झाले होते, तरी शिरले. वर आई ओरडतेय, तुझं लक्ष कुठे असतं, तुला दिसत नाही का. मला वाटलं, आता आत्या सांगेल की खुणा पोरीने केल्या. ती म्हणाली, 'हो, माझंच चुकलं.' एवढंच."

"आणि आईने कात्री फेकली."

"कात्री पडली. फेकली का कशी पडली, ते मला टेबलाखालून कसं दिसणार? तुला सांगताना मी 'आईने फेकली' म्हणायचे."

"का?"

ताई उसळली. "का म्हणजे? कोणाचं तरी चुकायला नको का? माझं सांगायचं नव्हतं, आत्याचं सांगवत नव्हतं, मग उरलं कोण?"

माइकशेजारचा फोन वाजला. ताईने ऐकलं, "बरं" म्हणाली आणि बटण दाबून पुढच्या दोन गाड्यांची वेळ सांगितली. मग बटण सोडून धाकटीकडे वळली.

"हे लिहायचं नाही."

"ताई, मी दोन वर्षं..."

"तुझी दोन वर्षं गेली खड्ड्यात. तुझं काय आहे यात? तू तलावावर बदकं बघत होतीस. मी चौतीस वर्षं ही गोष्ट गिळून बसलेय आणि तू ती 'मी, मी' करून लिहितेस? माझ्या डोळ्यांनी? विचारलंस तरी का कधी?"

"मला माहीत असतं तर विचारलं असतं ना!"

"मग आता माहीत झालं. आता जा. मला काम आहे."

धाकटी जिना उतरली. फलाटावरच्या गर्दीत डोक्यावर ताईचा आवाज घुमत होता, स्वच्छ, ठाम, बस किती मिनिटं उशिरा आहे ते सांगणारा. बहिणीशी तिचं असं कडाक्याचं भांडण कॉलेजनंतर प्रथमच झालं होतं. राग ताईवर होता, बाईंवर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता, कारण ताई म्हणाली त्यात खोट काढता येत नव्हती.

आठवडाभर तिने कागदाला हात लावला नाही. नवऱ्याने एकदा "आज कोण?" म्हणायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून मिटलं. लॅबमध्ये ती मुकाट्याने दात बसवत राहिली. वहीत तिने एकदा फक्त लिहिलं, 'ताईच्या बाजूने लिहिलं तर?' आणि लगेच खोडलं. ताईने नाही म्हटलं होतं. ताईचं नाव बदलून, आगाराचं काहीतरी दुसरं करून लिहिलं तरी ती चोरीच झाली असती, आणि आता तर जाणूनबुजून केलेली.

नवव्या दिवशी ताईचाच फोन आला. "मी आत्याकडे चाललेय. तूही चल. एकटीने जिना चढवणार नाही मला."

आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वय शहात्तर. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीत मशीन. डोळे अधू झाल्यामुळे मशीनवर आता कुंड्या ठेवल्या होत्या. तिने दार उघडलं, दोघींना आवाजावरून ओळखलं आणि म्हणाली, "दोघी एकदम? कोण गेलं?"

"कोणी नाही गं," धाकटी म्हणाली.

ताईने बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. उभ्याउभ्याच, एका दमात, जणू थांबलं तर पुन्हा जमणार नाही. फर्मा, खडू, टेबल, सगळं. शेवटी म्हणाली, "माझ्यामुळे तुला घर सोडावं लागलं."

आत्या पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, "मला माहीत होतं की."

"काय?"

"खुणा तू केल्या होत्यास ना? मग फर्मा तूच घेतला असणार. आणि टेबलाखाली तुझा पाय दिसत होता मला. निळा मोजा."

"मग बोलली का नाहीस?" ताई जवळजवळ ओरडलीच.

"बोलून काय करायचं होतं? मला जायचंच होतं." आत्याने खिडकीकडे तोंड वळवलं. "वर्षभर मनात होतं. बारा वर्षं मी तिच्या घरात, तिच्या खोलीत, तिच्या मर्जीने. ती वाईट नव्हती. पण मी बोलायला लागले की माझं वाक्य तीच संपवायची. लोकांना वाटायचं, काय गोड! मला वाटायचं, मला काय म्हणायचंय ते एकदा तरी मला पुरं म्हणू दे. पण नुसतं असं सांगून जाता येतं का घरातून? कारण लागतं. त्या दिवशी ती एवढी बोलली, म्हटलं, झालं, मिळालं कारण. कात्रीला माझं कोपर लागलं नि ती पडली. मी पिशवी भरली."

धाकटीला वाटलं होतं की ताई रडेल, सुटली म्हणेल. ताईचा चेहरा लालभडक झाला होता.

"म्हणजे मी चौतीस वर्षं उगाच..." ती म्हणाली. "एक शब्द टाकला असतास तर काय बिघडलं असतं? एक पत्र?"

"तुला एवढं लागलं असेल हे मला काय माहीत? पोरं विसरतात असं वाटलं. आणि तुझ्या आईचं म्हणशील, तर आधी ती बोलली नाही, म्हणून मी बोलले नाही. मग ते अंगवळणीच पडलं." आत्याने तोंड पुन्हा त्यांच्याकडे वळवलं. "ती गेली तेव्हा आले होते मी. दारात उभी होते. आत ये असं कोणी म्हटलं नाही."

हे मात्र धाकटीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ती तेव्हा दारापासून चार पावलांवर होती. तिला वाटलं होतं, आत्याच आत येईल. तिने मान खाली घातली. ताई तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि कोणी न सांगता चहाचं आधण ठेवलं.

परतताना बसमध्ये ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लिही आता तुला काय लिहायचंय ते. पण मला आत घालू नकोस. माझ्या मनात काय चाललं होतं वगैरे, ते नको. त्यातलं मलाही अजून काही कळलेलं नाही."

धाकटी "बरं" म्हणाली. पण लिहायचं काय, हा प्रश्न होताच. आईची गोष्ट चुकीवरून संतापलेल्या बाईची होती, ताईची अपराधाची, आत्याची सुटकेची. एकच दुपार, पण एकीचा तुकडा दुसरीच्या तुकड्याला जुळत नव्हता. कुठल्याही एकीच्या बाजूने लिहिलं की बाकीच्या दोघी खोट्या पडायच्या. तिघींच्या बाजूने लिहायचं, तर ताईने मनाई केलेली आणि आईला विचारायची सोय नाही. तिने तीन दिवस नुसतीच पहिली वाक्यं लिहिली आणि फाडली. चौथ्या दिवशी वही भिंतीवर फेकली. ती सोफ्यामागे पडली आणि दोन दिवस तिथेच राहिली.

नवऱ्याने ती काढून दिली. या वेळी त्याने विनोद केला नाही. म्हणाला, "तुला खरंच काय काय आठवतं? सांगितलेलं सोडून."

"काही नाही. सहलीहून आले, बस."

"मग?"

"मग काय? बूट ओले होते. दार उघडं होतं. आत मशीन चालल्याचा आवाज येत होता, पण आईच्या मशीनवर कापडच नव्हतं. नुसतीच पायडल मारत होती..." ती बोलता बोलता गप्प झाली. हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. या चित्रात चेहरा होता, आईचा. आणि ती तो पाहत होती बरोबर नऊ वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून.

सहाव्यांदा लिहायला तिला पाच महिने लागले. या वेळी गोष्ट तलावाहून परतलेल्या मुलीची होती. तिला घरात एक माणूस कमी दिसतं आणि का ते कोणी सांगत नाही. ती काय काय विचारते, तिला काय काय उत्तरं मिळतात, कोण कोणाकडे बघणं टाळतं. बहीण तिला जे सांगते ते 'ताई म्हणाली' असंच लिहिलं होतं, आणि ताईच्या सांगण्यात चेहरे नाहीत हे मुलीला कळत नाही, वाचणाऱ्याला कळतं. भांडणाची दुपार त्यात कुठेच नव्हती.

लिहिणं काही सुखाचं झालं नाही. दर दोन पानांनी ती चुकून खोलीत शिरायची आणि मग ओळी खोडत बाहेर यायची. मुलीला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असून सांगायचं नाही, हे तिला तोंडात जीभ दाबून बसण्यासारखं वाटायचं. बाड नेऊन देताना तिने बाईंना ताईकडून आणि आत्याकडून काय कळलं ते थोडक्यात सांगितलं, पण तिच्या मनात आनंदबिनंद काही नव्हता, नुसता वैताग आणि थकवा.

संपादकबाईंनी पंधरा दिवसांनी बोलावलं. "मुख्य प्रसंगच नाही यात," त्या म्हणाल्या.

"मी नव्हते तिथे."

"वाचक चिडेल."

"मी पण चिडलेच की. चौतीस वर्षं."

बाईंनी बाड तिच्यापुढे सरकवलं. "एक प्रकरण घाला. एकच. आत्याच्या बाजूने. तुम्हाला आता माहीत आहे म्हणता ना सगळं?"

"नाही," धाकटी म्हणाली. "एकदा ते घातलं की उरलेलं सगळं कोडं सोडवल्यासारखं होईल. आणि ते सुटलेलं नाहीये."

बाईंनी बराच वेळ पानं चाळली. शेवटी म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या वर्षी छापू. पण एक अट आहे. पुन्हा येऊन मला 'हे ती-मध्ये करू का' असं विचारलंत, तर मी दार लावून घेईन."

छापायच्या आधी आत्याला वाचून दाखवायचं असं धाकटीने ठरवलं होतं. आत्याला आता अक्षरं दिसत नव्हती. एका रविवारी सकाळी ती गेली. ताईही आली, येणार नाही म्हणता म्हणता, आणि खिडकीतल्या कुंड्यांची वाळलेली पानं खुडत पाठ करून बसली.

पहिल्या पानापासून आत्याने अडवायला सुरुवात केली. "पडदे हिरवे नव्हते, करडे होते." "तुझे बाबा असं कधी बोललेले मी ऐकले नाहीत." "मांडणी उजवीकडे होती." मांडणीवरून तर ताई आणि आत्या दोघी एक झाल्या. धाकटीने दोनदा दुरुस्ती लिहून घेतली, तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं.

"हे बघा," ती म्हणाली. "मला ती डावीकडे आठवते. दात पडला माझा तिथे. या एका गोष्टीत तरी मला माझं राहू द्या."

"बरं बाई, डावीकडे तर डावीकडे," आत्या म्हणाली. "वाच."

धाकटी वाचायला लागली. आता आत्या गेल्यानंतरचं होतं. मुलगी जेवायला पाच ताटं मांडते आणि आई एक उचलून फळीवर ठेवते. दुसऱ्या दिवशीही पाच, तिसऱ्या दिवशीही. बाबा मान वर करत नाहीत. आई दोनशे आखूड स्कर्टांना कमरेशी चार चार बोटांची पट्टी जोडायला घेते. एकटी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, नऊ दिवस. मुलगी दोरे कापून द्यायला बसते. आई एकदा सुई थांबवून विचारते, 'तुला आठवतं का, ती जाताना स्वेटर घेऊन गेली का?' मुलगी म्हणते, 'मी नव्हते ना गं.'

आत्याने अडवलं नाही. धाकटीने वर पाहिलं. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून पुढे झुकली होती.

"पट्ट्या लावल्या?" तिने विचारलं. "सगळ्या दोनशे? एकटीने?"

"हो."

"मला वाटलं होतं, फेकून दिले असतील. मी गेल्यावर काय झालं, ते मला कोणी सांगितलंच नाही."

ताईने हातातली वाळलेली पानं खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि इकडे तोंड करून बसली.

"मग?" आत्या म्हणाली. "स्वेटरचं तू काय सांगितलंस पुढे?"

धाकटीने पान उलटलं.